प्लास्टिक मारलं की मरण नाही

"उलटं करून बघू नगोस रं बाबालाल. हाय तस्संच घाल आत. बाईमाणसाचं हाय ते."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी दुकानाच्या पायरीवरच थबकले. काउंटरशी पाठमोऱ्या उभ्या होत्या त्या आमच्या आत्ती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही कोल्हापूरच्या बाजूचे लोक सासूला आत्तीच म्हणतो. ऐन दुपारच्या उन्हात, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, मी कचेरीत असते त्या वेळेला या बाई इथे काय करतायत, ते मला कळेना.

"न्हाई बघत ओ काकी," बाबालाल म्हणाला. "पर ह्यो कागद हाताला जरा गुळगुळीत लागतोय. कसला हाय?"

"कसला का असंना. तू आपलं प्लास्टिक मार."

बाबालाल मुल्लाचं झेरॉक्सचं दुकान आमच्या कचेरीच्या अगदी समोर होतं. मी तिथे आले होते एक नोटीस घेऊन. 'सर्व दाखले आता ऑनलाइन मिळतील, कागदाची गरज नाही' अशी ती नोटीस. आमच्या साहेबांना ती चांगल्या जाड कागदावर छापून, लॅमिनेशन करून, कचेरीच्या दारावर टांगायची होती. सरकारी डोकं, काय बोलणार!

लॅमिनेशनवर आत्तींचा भारी जीव. त्यांच्या भाषेत 'प्लास्टिक मारणं'. रेशनकार्डाला प्लास्टिक, जोतिबाच्या आरतीला प्लास्टिक, मामंजींच्या मृत्यूच्या दाखल्याला प्लास्टिक. नणंदेच्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा यांनी प्लास्टिक मारून ठेवलं होतं. घरात कुणाचा दात पडला तर त्यालाही मारतील, असं मी नवऱ्याला म्हणायचे. मी हसले की त्या ठसक्यात म्हणायच्या, "हास, हास. प्लास्टिक मारलं की कागदाला मरण न्हाई."

माझं म्हणणं नेमकं उलट. कचेरीतली जुनी दप्तरं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं काम निघालं होतं, त्यावर मी कंत्राटी म्हणून लागले होते. पिवळा पडलेला कागद काचेवर ठेवायचा, खालून दिवा सरकायचा, पडद्यावर चित्र उमटायचं. मग त्या फाईलला नाव टाईप करायचं. नाव दिल्याशिवाय कॉम्प्युटर काही ठेवून घ्यायचा नाही. नाव दिलं की सेव्ह, आणि कागद गठ्ठ्यात. गठ्ठे पुढे ट्रक भरून लगद्याच्या कारखान्यात जायचे. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आत्ती, कागदाचे दिवस संपले. आता वाळवीची भीती नाही, पाण्याची नाही."

"आनि लाईट गेल्यावर गं?" आत्ती विचारायच्या. त्यांच्याकडे उत्तर नेहमी तयार.

तर मी पायरीवर उभी होते. बाबालालनं प्लास्टिकचं पाकीट यंत्राच्या तोंडाशी धरलं. कागद पालथा होता, पांढरी पाठ वर. त्या पाठीवर कोपऱ्यात हळदीचा एक पिवळा ठसा होता.

तो ठसा मी ओळखत होते. तो कागद माझा होता. माझ्या कपाटातला, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत लपवलेला.

सोनोग्राफीचा कागद होता तो. माझ्या मुलीचा.

सातव्या महिन्यात तिचं काळीज थांबलं. का थांबलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला कळा देऊन मोकळी केली आणि मी शुद्धीवर येईपर्यंत सगळं आवरलेलं होतं. मी म्हटलं, मला बघू द्या. आत्ती दारात आडव्या उभ्या राहिल्या. "काय बघायचं न्हाई," म्हणाल्या. "निऊन ठिवलं लेकराला." मुलगी होती, एवढंसुद्धा मला दवाखान्याच्या कार्डावर वाचून कळलं. घरी आल्यावर चार दिवसांनी मी मोरीपाशी बसून रडत होते तर म्हणाल्या, "इसर आता. झालंच न्हवतं असं समज." त्या क्षणापासून ही बाई माझ्या मनातून उतरली. मी त्यांना जेवण वाढायचे, औषधं द्यायचे, उलट बोलायचे नाही. पण आतून दगड.

माझ्याकडे उरला होता तो एकच कागद. काळ्या-करड्या धुरात कुशीवर झोपलेलं लेकरू, एक मूठ तोंडापाशी. वर्षभरात तो पुसट व्हायला लागला. आधी पाय गेले, मग पाठीची कमान. मी घाबरून दवाखान्यात गेले. मला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये असेलच की, दुसरा काढून देतील. तिथल्या मुलानं बिचाऱ्यानं बरीच शोधाशोध केली. मग म्हणाला, "ताई, मशीन नवीन आलं. जुन्यातलं काही यात घेतलेलं नाही." मी कागद-मेला, फाईल-अमर असं सांगत फिरणारी बाई, तोच पुसट कागद छातीशी धरून तिथून बाहेर पडले.

कॅमेऱ्याचा मोबाईल तेव्हा आमच्याकडे नव्हता. शेवटी ठरवलं, कचेरीतल्या स्कॅनरवर घ्यायचा. दिवसभर तो माझ्या हाताखालीच असायचा. पण आमच्या खोलीत आणखी तिघी बसायच्या. एकीनं जरी "अगं बाई, हे काय" म्हटलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. त्या तिघी ट्रेनिंगला कोल्हापूरला जायच्या होत्या. खोलीत मी एकटीच उरणार होते. तो दिवस उद्याचा होता.

"आत्ती!" मी ओरडले.

त्या दचकून वळल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. आणि त्याच वेळेला बाबालालनं पाकीट सोडलं. यंत्राच्या गरम रुळांनी ते धरलं आणि आत ओढून घेतलं.

"थांबवा! बाहेर काढा ते!"

"आता निघत न्हाई ओ ताई, अडकंल," बाबालाल गोंधळून म्हणाला. "येतंय की पलीकडनं, घाबरताय कशापायी?"

पलीकडून पाकिटाची कड बाहेर आली. चकचकीत, ताठ. बाबालालनं ते दोन बोटांनी धरून ओढलं, सवयीनं उलटं केलं आणि हातातच धरून राहिला.

काळं. सगळा कागद काळाठिक्कर. ना मूठ, ना डोकं, ना धूर. तव्याच्या बुडासारखं काळं.

रस्त्यावरून वडापची जीप गेली, तिच्या हॉर्ननं माझे कान दणाणले. मी काचेच्या काउंटरला धरून उभी होते आणि मला वाटत होतं, हा दुसराच कुठला तरी कागद असणार. माझा घरी शालूत आहे.

"काकी, ह्यो कागद उष्णतेचा," बाबालाल म्हणाला. "एटीएमची चिठ्ठी येती बघा, तसला. ह्याला शाई नसत्या. गरम लागलं की अख्खा काळा पडतोय. तुमी एकदा दावला असतासा तर मी हात बी लावला नसता. देवाशपथ."

आत्तींनी ते पाकीट त्याच्या हातातून घेतलं. पदरानं पुसलं. पुन्हा पुसलं. "थंड झालं की उजळंल न्हवं?" त्यांनी विचारलं. "पुसून निघंल न्हवं, बाबालाल?"

बाबालालनं मान खाली घातली.

माझ्या तोंडून शब्द फुटले ते माझे मलाच परके वाटले. "मुद्दाम केलंत. तेव्हा तोंड बघू दिलं नाहीत, आता हेही जाळलंत. गार झालं का मन?"

आत्तींनी माझ्याकडे बघितलं. मी नोटीस तिथेच टाकली आणि घराकडे चालत सुटले. कचेरीत सांगायचंही सुचलं नाही. घरी जाऊन आधी कपाट उघडलं, शालू ओढून काढला आणि झटकला. एकदा, दोनदा. प्रत्येक घडी उलगडली. मग तो सगळा पसारा मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिले. रडू येत नव्हतं. कुणीतरी कानशिलात भडकावल्यावर जसं काही वेळ नुसतं सुन्न वाटतं तसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं दारात चपला वाजल्या. आत्ती आत आल्या, घोटभर पाणी प्याल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या खाली कधी बसत नसत. हातात ते काळं पाकीट होतं.

"पुसट व्हायला लागलेलं," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं. पाय तर दिसंनातच झालेलं. म्हणलं सगळं जायच्या आत प्लास्टिक मारून आनावं आनि गुमान परत ठिवावं. तुला कळलं बी नसतं."

"रोज?" मी विचारलं. "तुम्हाला कसं माहीत रोज काय होत होतं?"

"तू कचेरीत गेलीस की मी कपाट उघडायची. हात धुऊन." मग जराशानं म्हणाल्या, "एकदा गडबडीत न्हाई धुतला. हळद लागली."

तो हळदीचा ठसा मी माझाच समजत होते. ज्या बाईला मी वर्षभर दगड समजत होते, ती बाई रोज दुपारी माझ्या माघारी माझ्या शालूची घडी उलगडत होती.

"मग मला का सांगत होता विसर म्हणून?"

"कुणीतरी इसराय पायजे का नगो? दोघींनी बी ध्यानात ठिवायचं म्हटल्यावर ह्या घरात चूल कुणी पेटवायची?"

आत्तींनी पाकीट दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवलं. उन्हाची एक तिरीप त्यावर पडली होती, त्यात आमची दोघींची तोंडं दिसत होती, बाकी काही नाही.

"हिकडं बघ," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट काळ्या प्लास्टिकवर टेकलं. "हितं डोस्कं. हितनं अशी पाठ, वाकलेली. ह्यो एक हात अंगाखाली. आनि ह्यो दुसरा, मूठ तोंडापाशी. हाय का ध्यानात?"

"आहे."

"हितं गुडघा. पोटाशी घेतलेला. अगदी बरूबर हितं." बोट अजिबात चुकत नव्हतं. काळ्यावर काळं काढत होत्या त्या, आणि मला दिसत होतं. मूठ दिसली, पाठीची कमान दिसली, केव्हाच पुसलेला पाय दिसला. त्या दिवशी पहिल्यांदा माझे डोळे भरून आले.

बोट पुन्हा वर डोक्यापाशी आलं आणि तिथेच फिरत राहिलं.

"जावळ काळंभोर," आत्ती म्हणाल्या. "कानापातूर आलेलं. डाव्या कानाच्या पाळीला बारीक खळी, धैर्यशीलला हाय की, तशीच. कपाळ तुझ्यागत मोठं. आनि नख्या ह्या एवढाल्या बारीक, पर पुऱ्या झालेल्या सगळ्या."

धैर्यशील म्हणजे माझा नवरा. त्याच्या कानाची खळी मला माहीत होती. मी डोळे पुसता पुसता थांबले.

"आत्ती, कागदात जावळ नव्हतं. त्यात केस दिसत नाहीत."

बोट थांबलं.

"नखंही नव्हती कागदात."

"कागदातलं न्हाईच सांगत मी," आत्ती म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघत होत्या. "मी घातली तिला आंघोळ. नर्सबाई म्हणाली, काकी कशाला, आता काय उपेग. मी म्हटलं, घरातनं लेकरू जायचं ते पारुसं कसं धाडू? कोमट पाणी मागून घेतलं. तेल नव्हतं, तर शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीकडनं बोटभर आणलं. टाळूवर घातलं. मग माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळली. धैर्यशीलकडं बी देईना मी. त्यो खड्डा हुईस्तवर मांडीवर घेऊन बसले."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ते हिरवं लुगडं नंतर कधी दिसलं नव्हतं आणि मी एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

"मग मला का नाही दाखवलीत?" मी विचारलं ते भांडायला नव्हे. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"तुला दावली असती तर जलमभर डोळ्याम्होरनं हलली नसती. माझ्या हलंना झालीया. म्हटलं, एकीच्याच वाटणीला असूदे."

त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. इतक्या वर्षांत मी या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हाही नाही. त्या हुंदका न देता रडत होत्या, नुसते खांदे हलत होते. मी शालू बाजूला सारला आणि त्यांच्या कुशीत शिरले. आम्ही एकमेकींना कधी मिठी मारली नव्हती, त्यामुळे ती जमलीही नाही धड. त्यांची हनुवटी माझ्या डोक्याला टोचत होती.

"अजून एक हाय," त्या माझ्या केसांत म्हणाल्या. "पुरताना नाव घीऊ नगं म्हंत्यात. नाव घेतलं की जीव वळून बघतोय, वाट चुकतोय. मी घेतलं."

"काय?"

"हौसा."

हौसा! कुठलं हे आज्या-पणज्यांच्या काळातलं नाव! मी तर मनात ईश्वरी ठरवून ठेवलं होतं. ती जगली असती तर या एका नावावरून आमच्या घरात महिनाभर भांडी आपटली असती. मी रडत रडत हसले आणि आत्ती मला रागे भरल्या, "हासायला काय झालं? चांगलं नाव हाय."

आत्तींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो काळा कागद शालूच्या घडीतच आहे. पुढे मला मुलगा झाला. तो लहान असताना त्यानं एकदा विचारलं, आई हा कसला फोटो? मी त्याला हात धुऊन यायला सांगितलं, मग त्याचं बोट धरून त्यावर फिरवलं. हे डोकं, ही मूठ, हे जावळ. आता त्यालाही पाठ आहे.

पण दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. खोली रिकामी होती, तिघी कोल्हापूरला. बाबालालनं आमची नोटीस पैसे न घेता लॅमिनेट करून दारावर स्वतःच लावली होती. 'कागदाची गरज नाही.' मी तिच्याखालून आत गेले, पर्समधून ते काळं पाकीट काढलं आणि ठरल्याप्रमाणे काचेवर ठेवलं. का ठेवलं, ते मला सांगता येणार नाही. झाकण लावलं. दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला आणि पडदाभर काळं पसरलं. एखाद्यानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाई, यंत्र बिघडलंय तुमचं.

पडद्याच्या मधोमध नेहमीची चौकट उघडली आणि त्यात रेघ लुकलुकायला लागली. त्या यंत्राला नाव लागतं. नाव नसेल तर ते काहीच ठेवून घेत नाही.

मी टाईप केलं, हौसा. आणि सेव्ह केलं.